ठोशांचा ताळेबंद

इतिहासाच्या पेपरात एक प्रश्न हमखास असे : 'अमुक सत्तेच्या ऱ्हासाची कारणे लिहा.' सत्ता दरवर्षी बदलत असे, कारणं बदलत नसत. दुबळे वारसदार, अंतर्गत कलह, रिकामा खजिना आणि परकीय आक्रमण. ही चार कारणं तोंडपाठ असली की रोमनांपासून मोगलांपर्यंत कुणालाही बुडवता येत असे. आमचे सर तर म्हणत, "गाढवांनो, सत्ता कुठली ते वाचलं नाहीत तरी चालेल, कारणं तेवढी लिहा!" त्या चार कारणांच्या शिडीवरून आमचा अख्खा वर्ग वर चढला.

पुढे मी कॉमर्सला गेलो आणि इतिहास सुटला. सवय मात्र सुटली नाही. फरक पडला तो एवढाच, की इतिहासवाला विचारतो, 'सत्ता का बुडाली?' आणि कॉमर्सवाला विचारतो, 'कितीला बुडाली आणि ती कुणाच्या नावे टाकायची?'

आज मी ज्या सत्तेचा हिशेब मांडणार आहे, ती कुठल्याच क्रमिक पुस्तकात नव्हती. तिला सैन्य नव्हतं, तोफखाना नव्हता. दोन मुठी आणि अर्धी चड्डी एवढाच तिचा सरंजाम. पण शंभर वर्षं तिनं जग गाजवलं. ही सत्ता म्हणजे हेवीवेट मुष्टियुद्धातली अमेरिकेची सत्ता.

तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाला बॉक्सिंगशी काय कर्तव्य? ज्याच्या अंगावर कोणी जोरात खेकसलं तरी ज्याचा चष्मा खाली येतो, त्यानं ठोसेबाजीवर लिहावं कशाला? याचं उत्तर देण्यासाठी मला १८९२ साली जावं लागेल. तुम्हीही चला. जाता जाता वाटेत इंग्लंड लागेल, तिथे फार रेंगाळायचं नाही.

बॉक्सिंग हा मूळचा इंग्रजांचा धंदा. माणसं एकमेकांना पूर्वीपासून बडवतच होती, पण बडवण्याचे नियम करावेत ही बुद्धी इंग्रजांचीच. १७४३ साली जॅक ब्रॉटन नावाच्या पहिलवानानं पहिली नियमावली केली. १८६७ साली नवे नियम आले : हातमोजे घालायचे, तीन मिनिटांची फेरी, मध्ये एक मिनिट विश्रांती आणि पडलेल्या माणसानं दहा आकडे मोजून होईपर्यंत उठायचं. हे नियम 'मार्क्वेस ऑफ क्वीन्सबेरी'चे म्हणून जगभर प्रसिद्ध झाले. प्रत्यक्षात ते लिहिले जॉन चेंबर्स नावाच्या गृहस्थानं. मार्क्वेससाहेबांनी फक्त नाव दिलं. काम एकाचं आणि सही दुसऱ्याची, ही पद्धत फक्त सरकारी फायलीत असते अशी माझी समजूत होती, ती त्या दिवशी दूर झाली.

या खेळात 'पंच' दोन असतात. एक मारायचा असतो आणि दुसरा मोजायला असतो. मराठीत दोघांना एकच शब्द आहे, त्यामुळे आपल्याकडे हा खेळ समजावून सांगताना फार घोटाळा होतो.

तर इंग्रजांनी नियम केले आणि अमेरिकनांनी खेळ नेला. त्या वेळी अमेरिकेचा राजा होता जॉन सलिव्हन. बॉस्टनचा, आयरिश आईबापांचा मुलगा. हा इसम गावोगाव फिरायचा आणि जाहीर करायचा, की माझ्यासमोर चार फेऱ्या टिकेल त्याला रोख बक्षीस. बक्षीस वाचवण्याची त्याची पद्धत अगदी सोपी होती. १८८९च्या जुलैत मिसिसिपीच्या रणरणत्या उन्हात त्यानं जेक किलरेनला उघड्या मुठींनी हरवलं, पंचाहत्तर फेऱ्यांनंतर! उघड्या मुठींची जगज्जेतेपदाची ती शेवटची लढत. पुढे मोजे आले.

आणि १८९२च्या सप्टेंबरात न्यू ऑर्लिन्सला या सलिव्हनसमोर जो उभा राहिला, तो होता जेम्स कॉर्बेट. पंचवीस-सव्वीस वर्षांचा, केस नीट विंचरलेला, बोलण्यात अदब असलेला. लोक त्याला 'जंटलमन जिम' म्हणत. आणि हा कॉर्बेट मूळचा कोण? सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बँकेतला कारकून!

या वाक्यानंतर एक परिच्छेद मी खरं तर कोराच सोडणार होतो, वाचकांना टाळ्या वाजवायला. आता पुढे जातो. सलिव्हन रेड्यासारखा धावून यायचा आणि कॉर्बेट बाजूला व्हायचा. सलिव्हन पुन्हा यायचा, कॉर्बेट पुन्हा सरकायचा. एकवीस फेऱ्या हेच चाललं आणि शेवटी सलिव्हन आडवा झाला. क्रीडापंडितांनी याला 'शास्त्रशुद्ध बॉक्सिंगचा उदय' असं नाव दिलं आहे. मला विचाराल तर हे शास्त्र काऊंटरमागचं आहे. समोरून तावातावानं येणाऱ्या माणसाला अंगावर घ्यायचं नाही, फक्त हळूच बाजूला व्हायचं, या खिडकीवरून त्या खिडकीकडे पाठवायचं आणि तो दमेपर्यंत वाट पाहायची. कॉर्बेटनं हेच तर केलं. आधुनिक हेवीवेट बॉक्सिंगचा पाया एका बँक कारकुनानं घातला, हे जगानं विसरावं याचं मला फार वाईट वाटतं.

तिथून अमेरिकेची सत्ता सुरू झाली. १८९२पासून १९७८पर्यंत, म्हणजे जगज्जेता बहुधा एकच असायचा त्या काळात, अमेरिकेबाहेरचे जगज्जेते झाले किती? कॉर्नवॉलमध्ये जन्मून न्यूझीलंडमध्ये वाढलेला फिट्झसिमन्स, कॅनडाचा बर्न्स, जर्मनीचा श्मेलिंग, इटलीचा कार्नेरा आणि स्वीडनचा योहान्सन. मोजून पाच, म्हणजे बरोबर एक मूठ. आणि त्या पाचांची कारकीर्द मिळून नऊ वर्षांच्या आसपास. बाकी सारी पासबुकं अमेरिकेच्या नावावर. ज्या इंग्लंडनं खेळ काढला, त्याच्या मल्लांना अमेरिकन वार्ताहर 'आडवे हेवीवेट' म्हणत. फिट्झसिमन्स १८९९ साली हरला, त्यानंतर इंग्लंडला हेवीवेट जगज्जेता पाहायला त्र्याण्णव वर्षं थांबावं लागलं. आमच्याकडे पगारवाढीचा करारसुद्धा इतका लांबत नाही.

पण ही सत्ता नुसती ठोशांची होती असं समजू नका. तिच्या खतावणीत काही पानं अशी आहेत, की ती वाचताना विनोद सुचत नाही.

सलिव्हननं काळ्या मल्लांशी लढायला साफ नकार दिला होता. गोऱ्यांचा राजा गोऱ्यांशीच लढणार. १९०८च्या डिसेंबरात जॅक जॉन्सन हा काळा मल्ल बर्न्सच्या मागे मागे ऑस्ट्रेलियापर्यंत गेला आणि सिडनीला त्याला हरवून जगज्जेता झाला. अमेरिकेत गोऱ्यांना झोप येईना. निवृत्त होऊन शेती करणाऱ्या जेफ्रीजला त्यांनी घराबाहेर काढलं आणि सांगितलं, बाबा रे, आता तूच आमची लाज राख. १९१०च्या चार जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, रेनो गावी जॉन्सननं पंधराव्या फेरीत जेफ्रीजला संपवलं. त्या रात्री गावोगाव दंगली झाल्या. काळी माणसं मारली गेली, ती का, तर त्यांच्यातला एक जिंकला म्हणून. पुढे जॉन्सनवर खटला भरून त्याला दोषी ठरवलं. त्याला माफी मिळाली २०१८ साली. तो वारला होता १९४६ साली. मयत खातेदाराचा दावा निकालात काढायला आम्ही वेळ लावतो म्हणून लोक ओरडतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग आला ज्यो लुई. १९३७पासून १९४९पर्यंत जगज्जेता, पंचवीस वेळा पद राखलेला. १९३६ साली जर्मनीच्या श्मेलिंगनं त्याला हरवलं होतं. १९३८च्या जूनमध्ये परत गाठ पडली. जर्मनीत हिटलर होता, युद्धाचे ढग जमत होते, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये सत्तर हजारांचा समुदाय होता. लुईनं पहिल्याच फेरीत, अवघ्या १२४ सेकंदांत निकाल लावला. ज्या काळ्या माणसाला दक्षिणेतल्या कितीतरी हॉटेलांत चहा मिळाला नसता, तो त्या रात्री अमेरिकेचा राष्ट्रपुरुष झाला.

१९४२ साली लुईनं दोन लढतींची आपली बिदागी नौदलाच्या आणि भूदलाच्या मदतनिधीला देऊन टाकली आणि स्वतः सैन्यात भरती झाला. युद्ध संपल्यावर सरकारनं त्याच्याकडे प्राप्तिकराची थकबाकी मागितली. दान दिलेल्या रकमेवरसुद्धा! जो पैसा हातात आलाच नाही, त्यावरचा कर, करावरचं व्याज आणि व्याजावरचा दंड. मी आयुष्यभर आकडेमोडच करत आलो आहे, पण ही आकडेमोड वाचताना माझा हात थांबला. म्हातारपणी लुई लास व्हेगासच्या एका जुगारी हॉटेलाच्या दारात पाहुण्यांचं स्वागत करायला उभा असे. १९८१ साली तो वारला, तेव्हा अंत्यविधीच्या खर्चाला ज्यांनी हातभार लावला, त्यांत एक होता श्मेलिंग. तोच श्मेलिंग, १२४ सेकंदांचा.

लुईनंतर मार्सियानो आला, एकोणपन्नास लढती एकोणपन्नास विजय, आणि १९५६ साली वेळेवर निवृत्त झाला. या धंद्यात वेळेवर निवृत्त होणारा माणूस इतका दुर्मीळ, की त्याचा पुतळाच करायला हवा. मग महंमद अली. त्याच्याविषयी मी नव्यानं काय सांगणार? १९६७ साली व्हिएतनामच्या युद्धात जायला नकार दिला म्हणून त्याचं पद काढून घेतलं, ऐन उमेदीची साडेतीन वर्षं गेली. तो परत आला. १९७४ साली किन्शासात त्यानं फोरमनला दोरांवर रेलून दमवलं. (पुन्हा काऊंटरचं शास्त्र!) ज्या पुढाऱ्यांची नावं आमच्या लक्षात राहिली नाहीत, त्यांच्या देशातही अलीचं नाव पोराटोरांना माहीत होतं. हा त्या सत्तेचा माध्यान्ह.

माध्यान्हीनंतर काय होतं हे सांगायला पंचांग लागत नाही. पण टायसन आला तेव्हा कुणालाच सावली लांबलेली दिसली नाही. १९८६ साली विसाव्या वर्षी जगज्जेता! समोरचा माणूस राष्ट्रगीत संपेपर्यंत उभा राहिला तरी लोक त्याचं कौतुक करत. १९९० साली टोकियोत बस्टर डग्लस नावाच्या मल्लानं याला झोपवलं, तेव्हा सट्टेबाजांचा भाव बेचाळीसास एक होता. आणि १९९७ साली, मी कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला असताना, टायसननं होलीफिल्डच्या कानाचा तुकडा तोडला. रागानं दात-ओठ खाणारी माणसं मी पुढे नोकरीत पुष्कळ पाहिली, पण त्यांनी निदान स्वतःचेच दात-ओठ खाल्ले. दुसऱ्याचा कान खाणं ही मात्र ऱ्हासाची खूण म्हणावी लागेल.

मला विचाराल तर खरी खूण त्याआधीच झाली होती. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये अंतिम लढतीत अमेरिकेच्या रिडिक बोला लेनॉक्स लुईसनं हरवलं होतं. लुईस जन्मानं लंडनचा, वाढला कॅनडात. १९९२ साली बो जगज्जेता झाला. लुईसशी लढ, असं एका संस्थेनं त्याला बजावलं. बोनं काय करावं? लंडनमध्ये पत्रकारांसमोर त्यानं त्या संस्थेचा सोनेरी पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला! तो पट्टा मग लुईसला मिळाला. सत्ता कुठे रणांगणावर जाते, कुठे तहात जाते. ही कचऱ्याच्या डब्यातून गेली.

१९९९ साली लुईस सगळ्यांचा एकमेव जगज्जेता झाला. २००४ साली तो निवृत्त झाला आणि युक्रेनचे क्लिच्को बंधू आले. थोरले विताली आणि धाकटे व्लादिमिर. दोघेही साडेसहा फुटांचे आणि दोघेही क्रीडाशास्त्रातले डॉक्टरेट. म्हणजे ज्या धंद्यात डॉक्टर लढतीनंतर लागायचा, तिथे तो आता लढायलाच उभा राहिला. आईला त्यांनी वचन दिलं होतं, की आम्ही भाऊ भाऊ एकमेकांशी कधी लढणार नाही. ते त्यांनी पाळलं. २०११ साली चारही प्रमुख संस्थांचे पट्टे त्या एका घरात होते. "याला म्हणतात वळण!" असं आमच्या सौभाग्यवतींनी हे ऐकल्यावर आमच्या दोन्ही चिरंजीवांकडे पाहत सुनावलं. ते दोघे तेव्हा टीव्हीच्या रिमोटवरून एकमेकांच्या मानेवर बसले होते.

इकडे अमेरिकेचं काय? २००७च्या जूनमध्ये शॅनन ब्रिग्ज आपला पट्टा एका रशियन मल्लाकडे हरला. त्यानंतर २०१५च्या जानेवारीत डिऑन्टे वाइल्डर जिंकेपर्यंत, साडेसात वर्षं, अमेरिकेत जन्मलेल्या एकाही माणसाच्या कमरेला हेवीवेटचा प्रमुख पट्टा नव्हता. २०१६ साली चार्ल्स मार्टिन नावाच्या मल्लाला एक पट्टा मिळाला, प्रतिस्पर्ध्याचा गुडघा दुखावल्यामुळे. तीन महिन्यांच्या आत तो त्यानं घालवलाही. आमच्याकडे प्रोबेशनसुद्धा याहून लांब असतं. २०२० साली वाइल्डरला इंग्लंडच्या टायसन फ्यूरीनं झोपवलं. 'आडवे हेवीवेट' म्हणून ज्यांना हसले, त्यांनी कर्ज व्याजासकट परत केलं.

आता मूळ प्रश्न. ऱ्हासाची कारणे लिहा.

पहिलं कारण, दुबळे वारसदार. इथे आमच्या गाईडचा पहिलाच आधार कोसळतो. वारसदार दुबळे नव्हते, ते दुसऱ्या दुकानात कामाला लागले होते. मार्सियानोचं वजन होतं पंच्याऐंशी किलोच्या आसपास. नंतरचे हेवीवेट म्हणजे साडेसहा फूट उंच आणि सव्वाशे किलोकडे झुकलेले राक्षस. असा मुलगा अमेरिकेच्या शाळेत दिसला, की फुटबॉलचा आणि बास्केटबॉलचा मास्तर त्याला दारातच गाठतो. अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य स्पर्धेत बत्तीस संघ, प्रत्येक संघात त्रेपन्न खेळाडू. म्हणजे सतराशेच्या आसपास जागा. कॉलेजची फी माफ, करार लेखी, आणि नुसतं बाकावर बसून राहिलं तरी पगार! बाकावर बसून पगार मिळण्यातलं सुख मी वेगळं सांगायला नको. उलट बॉक्सिंगमध्ये प्रॉव्हिडंट फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही, रजा नाही. लढलात तर पैसे, त्यातूनही मॅनेजर तिसरा हिस्सा उचलणार, मास्तर दहावा. राहिलेल्या पैशातून दात बसवून घ्यायचे.

आणि याच्याही खाली एक कारण आहे. अमेरिकेच्या रिंगमधली नावं क्रमानं वाचा, तुम्हाला त्या देशातल्या गरिबीचा पत्ता बदलताना दिसेल. आधी आयरिश नावं, मग ज्यू, मग इटालियन, मग काळे, मग मेक्सिकन. उपाशी माणूस बोटीतून उतरायचा, त्याचा पोरगा ठोसे खायचा आणि नातू दातांचा डॉक्टर व्हायचा. बेनी लेनर्ड, बार्नी रॉस हे ज्यू जगज्जेते एके काळी घरोघर माहीत होते. पुढे त्या घरांतली मुलं वकील झाली, प्राध्यापक झाली. त्या आळ्यांमधल्या तालमी ओस पडल्या, यावर क्रीडापंडित उसासे टाकतात. एखाद्या आईनं उसासा टाकल्याचं मात्र माझ्या वाचनात नाही.

दुसरं कारण, अंतर्गत कलह. इथे गाईड बरोबर. एका जगज्जेत्याच्या जागी हळूहळू चार संस्था झाल्या, १९६०च्या दशकात दोन, १९८३ साली तिसरी, १९८८ साली चौथी. प्रत्येकीचा वेगळा पट्टा, वेगळी फी. पूर्वी रस्त्यावरचा माणूसही जगज्जेत्याचं नाव सांगू शकायचा. आता खुद्द जगज्जेत्यालाही बाकीच्या तिघांची नावं पटकन आठवेनात. त्यात प्रमोटर. डॉन किंगचे केस कायम उभे असायचे, मला वाटतं त्याच्याशी करार करून घरी गेलेल्यांचेही होत असावेत. टायसननं आयुष्यात तीस कोटी डॉलरांच्या वर मिळवले आणि २००३ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. किंगवर त्यानं खटला भरला आणि तो एक कोटी चाळीस लाखांवर मिटला. आमच्याकडे दुचाकीच्या कर्जालासुद्धा जामीनदार लागतो. या माणसाला तीस कोटी सांभाळायला एक धड हिशेबनीस मिळू नये?

तिसरं कारण, रिकामा खजिना. गाईड पुन्हा चूक. खजिना भरला म्हणून सत्ता बुडाली. १९४०-५०च्या दशकांत दाढीच्या पात्यांच्या एका कंपनीनं शुक्रवारच्या लढती घरोघर टीव्हीवर फुकट आणल्या. फुकट म्हटल्यावर गल्लीतल्या क्लबचं तिकीट कोण काढणार? छोटे क्लब बंद पडले. नवशिके मल्ल शिकायचे ते तिथेच. ए. जे. लीब्लिंग या लेखकानं हे दुखणं १९५०च्या दशकातच ओळखून लिहिलं होतं. पुढे उलटं झालं. मोठ्या लढती फुकटच्या टीव्हीवरून उचलल्या आणि वेगळे पैसे भरणाऱ्यालाच दाखवू लागले. त्या कानचाव्या लढतीला सुमारे वीस लाख घरांनी पैसे मोजले. मल्लांचे खिसे फुगले खरे, पण पैसे न भरणाऱ्या घरातला दहा वर्षांचा मुलगा त्या रात्री फुटबॉल बघत बसला. बीज खाऊन मेजवानी केली की पुढच्या हंगामात काय होतं, हे सांगायला शेतकरी असावं लागत नाही.

त्याचा पुरावा ऑलिंपिकमध्ये आहे. १९७६ साली अमेरिकेला बॉक्सिंगची पाच सुवर्णपदकं मिळाली. १९८४ साली, रशिया आणि क्यूबा घरी बसल्यावर, नऊ. २००४ साली आंद्रे वॉर्डनं एक मिळवलं आणि त्यानंतर २०२४च्या पॅरिसपर्यंत अमेरिकेच्या पुरुषांना एकही नाही.

चौथं कारण, परकीय आक्रमण. आक्रमण कसलं, दार उघडलं एवढंच. सोव्हिएत काळात तिकडच्या मल्लांना पैशासाठी लढायची बंदी होती. क्यूबाचा स्टीव्हन्सन तीन ऑलिंपिक सुवर्णं मिळवून घरीच राहिला. म्हणजे अमेरिका शंभर वर्षं जगज्जेती होती खरी, पण निम्मं जग परीक्षेला बसलंच नव्हतं. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला आणि सगळे एकदम बसले. मग निकाल वेगळा लागला, यात नवल काय? एकाच उमेदवाराला मतं मिळत असतात तोवर त्याला लोकप्रिय म्हणायला हरकत नसते.

सगळंच बुडालं असंही नाही. हलक्या वजनांत दुकान चालू राहिलं, फ्लॉइड मेवेदर पन्नासपैकी पन्नास जिंकून २०१७ साली निवृत्त झाला. आणि गंमत म्हणजे हेवीवेटमध्येही अमेरिका हरत होती ती अमेरिकन विद्येनं. डेट्रॉइटच्या एका तळघरातल्या तालमीत इमॅन्युएल स्टुअर्ड नावाचा मास्तर होता. १९९४ साली त्याच्या चेल्यानं लेनॉक्स लुईसला झोपवलं. लुईसनं शहाणपणानं तो मास्तरच आपल्याकडे ठेवून घेतला. पुढे धाकटे क्लिच्कोही त्याच्याकडेच शिकले. मालक बदलले, मास्तर तोच.

तेव्हा ताळेबंद मांडायचा तो असा. एका बाजूला मान, जल्लोष, सोनेरी पट्टे, स्टेडियमभर माणसं. दुसऱ्या बाजूला लुईची थकबाकी, कार्नेराची लुबाडलेली बिदागी, आणि अलीचा थरथरणारा हात. १९८४ साली त्याला पार्किन्सन झाल्याचं निदान झालं. १९९६ साली अटलांटात त्यानं त्याच हातानं ऑलिंपिकची ज्योत पेटवली, तेव्हा जगानं श्वास रोखून धरला होता. 'मार खाऊन भ्रमिष्ट होणं' हा आजार आहे, असं वैद्यकीय मासिकात १९२८ सालीच छापून आलं होतं. दोन्ही बाजूंची बेरीज मी अनेकदा केली. ती जुळत नाही. एखाद्या देशात कुणाच्याही मुलाला जेवणासाठी डोकं फोडून घ्यावं लागू नये, यालाच ऱ्हास म्हणत असाल, तर असा ऱ्हास सर्व देशांचा होवो.

पण भूक संपत नाही, ती नुसती पत्ता बदलते. २०२२च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला, तेव्हा विताली क्लिच्को कीव्हचे महापौर होते आणि ओलेक्सांडर उसिक हा हेवीवेट जगज्जेता परदेशातून घरी परतून शहराच्या रक्षणाला बंदूक घेऊन उभा राहिला. दोन वर्षांनी, २०२४च्या मे महिन्यात, त्यानं फ्यूरीला हरवलं आणि लुईसनंतरचा पहिला एकमेव जगज्जेता झाला. लढत कुठे झाली? सौदी अरेबियात, रियाधला. जिथे ठेवी, तिथे शाखा. लंडनहून न्यूयॉर्क, न्यूयॉर्कहून लास व्हेगास, तिथून रियाध. शाखा हलली, की आमच्यासारख्यांना बदली घ्यावी लागते. मल्ल तरी काय करणार?

खातं इथे बंद करणार होतो. पण आमच्या धंद्यात शेवटची रेघ मारण्यापूर्वी मागचं पान एकदा उलटून पाहायची पद्धत आहे. मिशिगनमध्ये फ्लिंट नावाचं गाव आहे. मोटारींच्या कारखान्यांवर ते मोठं झालं, कारखाने गेले तसं रोडावलं, आणि २०१४पासून तिथल्या नळांना शिसं मिसळलेलं पाणी आलं म्हणून जगभर बदनाम झालं. तिथल्या क्लेरेसा शील्ड्स या मुलीनं २०१२ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णं मिळवली. तिच्याआधी हे कुठल्याच अमेरिकन मल्लाला जमलं नव्हतं, अलीलाही नाही. आणि २०२५च्या फेब्रुवारीत, त्याच फ्लिंटमध्ये, ती हेवीवेट वजनगटाची एकमेव जगज्जेती झाली.

अमेरिकेचे पंडित इतकी वर्षं नवा जगज्जेता शोधत होते. खतावणीत 'पुरुष' असं शीर्षक असलेलीच पानं ते उलटत राहिले.